‘आपले’ सरकार : खुल्या कारभाराच्या मराठीची समीक्षा

राज्यसंस्थेची परीक्षा तिने केलेल्या कायद्यांवरून होते, तिने गोळा केलेल्या आणि खर्च केलेल्या पैशावरून होते. परंतु ती ज्या वाक्यांनी प्रजेशी बोलते त्या वाक्यांवरूनही ती होऊ शकते, ह्याकडे मराठीत फारसे लक्ष गेलेले नाही. गेल्या दशकभरात महाराष्ट्र शासनाचा आणि राज्यातील स्थानिक संस्थांचा बराचसा लोकव्यवहार संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर आला. अर्ज, दाखला, सातबाराचा उतारा, तक्रार, माहितीची मागणी ही सर्व कामे पूर्वी कचेरीच्या दारात उभे राहून करावी लागत. आता ती घरबसल्या करता येतात. किती अर्ज आले आणि किती दिवसांत निघाले, ह्या मापाने लोकप्रशासनाचे अभ्यासक ह्या बदलाचे मोजमाप करतात. ते माप योग्यच आहे. पण कारभार ‘खुला’ झाला आणि त्यात लोक ‘सहभागी’ झाले, असा जो दावा त्यासोबत केला जातो, तो ह्या मापाने तपासता येत नाही. तो दावा मुळात बोलण्याविषयीचा आहे. कोण कोणाशी बोलतो, कोणत्या सर्वनामाने बोलतो, उत्तर कोण देतो आणि ते नोंदले जाते काय, हे त्यात पाहावे लागते. आणि हे पाहणे भाषाभ्यासकाचे काम आहे.

ह्या कल्पनेचा आजचा प्रचलित आकार अमेरिकेत घडला. राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनी २१ जानेवारी २००९ रोजी काढलेल्या ज्ञापनात शासनाकडून तीन गोष्टींची अपेक्षा केलेली आहे : कारभार पारदर्शक असावा, त्यात लोकांचा सहभाग असावा, आणि शासनाने लोकांबरोबर मिळून काम करावे. पुढे २०११ मध्ये आठ राष्ट्रांनी मिळून ह्याच हेतूची एक आंतरराष्ट्रीय भागीदारी स्थापन केली. भारत तिचा सदस्य नाही. परंतु भारताला ह्या बाबतीत उसनवारीची गरज होती असे मानण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राने स्वतःचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ सालीच केला होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाने तर प्रत्येक सार्वजनिक कार्यालयावर, कोणी न मागताच, सतरा प्रकारची माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले, ती इंटरनेटवरही द्यावी असे सुचविले, आणि प्रसिद्धी करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा असे त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात स्पष्ट लिहिले. ह्या शेवटच्या वाक्याकडे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेलेले नाही. स्थानिक भाषा म्हणजे केवळ देवनागरीत उमटविलेली अक्षरे, असा सोयीचा अर्थ बहुतेक ठिकाणी लावला गेला आहे.

वरील तीन अपेक्षांपैकी पहिलीला मराठीत शब्द चटकन मिळाला. ‘पारदर्शक’ हा शब्द आता ग्रामपंचायतीच्या फलकावरही दिसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या अपेक्षेची मात्र मराठीत पंचाईत झाली. ‘सहकार’ हा शब्द महाराष्ट्रात मोकळा नव्हताच. साखर कारखाना, दूध संघ आणि पतपेढी ह्यांनी तो अडवून ठेवलेला होता. राहिला ‘सहभाग’. ह्या शब्दाला महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात एक इतिहास आहे. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून आणि त्याच्या मागेपुढे आलेल्या पाण्याच्या योजनांतून ‘लोकसहभाग’ हा शब्द गावोगाव पोहोचला, आणि त्याचा रूढ अर्थ झाला श्रमदान किंवा लोकवर्गणी. गावाने झाडू हाती घ्यावा, चर खणावेत, योजनेच्या खर्चाचा काही वाटा भरावा, हा लोकसहभाग. ती योजना असावी की नसावी, असल्यास कोठून जावी, हे ठरविण्यातला वाटा त्या शब्दाच्या कक्षेत सहसा आलाच नाही. शब्दाच्या घटकांकडे पाहता ‘भाग’ म्हणजे हिस्सा; पण हा हिस्सा देण्याचा की घेण्याचा, ह्याचे उत्तर व्यवहाराने एकाच बाजूने दिले. संगणकीय कारभाराला हा शब्द असा आयता अर्थ घेऊनच मिळाला, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे जरूर आहे.

आता प्रत्यक्ष संहितेकडे वळता येईल. राज्य शासनाने २०१५ च्या जानेवारीत तक्रार निवारणासाठी जे संकेतस्थळ सुरू केले त्याला ‘आपले सरकार’ असे नाव दिले. त्याच वर्षी लोकसेवा हक्क अधिनियम झाला आणि त्याखालील सेवाही ह्याच नावाने मिळू लागल्या. नाव मोठे मार्मिक आहे. शासन स्वतःला कागदोपत्री ‘शासन’ म्हणवते. निर्णय ‘शासन निर्णय’ असतो, परिपत्रक ‘शासन परिपत्रक’ असते. संस्कृतातला ‘शासन’ हा शब्द आज्ञा आणि दंड ह्या दोन्ही अर्थांचा आहे. लोकांच्या तोंडी मात्र फारसीतून आलेला ‘सरकार’ हाच शब्द आहे, आणि संकेतस्थळाचे नाव ठेवणाऱ्याने तो उचलला. त्याच्यामागे जोडलेले ‘आपले’ हे सर्वनाम तर केवळ मराठीच्याच नव्हे, तर भारतीय भाषांच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारे आहे.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, त्याला धरून ‘आपण’. हा भेद गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्ये आहे. इंग्रजीत नाही, आणि प्रमाण हिंदीतही नाही. परंतु ‘आपण’ एवढ्यावर थांबत नाही. समोरच्याला आदराने संबोधताना तेच रूप द्वितीयपुरुषी होते, आणि ‘जो तो आपले पाहतो’ ह्यासारख्या वाक्यात तेच आत्मवाचक होते. ह्या उपयोगाची नोंद आपल्या व्याकरणकारांनी पूर्वीच करून ठेवलेली आहे. तेव्हा ‘आपले सरकार’ ह्या दोन शब्दांचे तीन अर्थ संभवतात. बोलणारा आणि ऐकणारा अशा सर्वांचे मिळून असलेले सरकार; ‘महाराज, हे तुमचे सरकार’ अशा अदबीचे सरकार; आणि स्वतःपुरते, स्वतःचे असलेले सरकार. नाव ठेवताना पहिला अर्थ अभिप्रेत होता ह्यात शंका नाही. प्रश्न असा की, नावाच्या आत शिरल्यावर तो अर्थ टिकतो काय?

ह्याची एक सोपी कसोटी मराठी क्रियापदच पुरविते. ‘आपण’ सर्वसमावेशक असेल तर क्रियापद ‘करू’, ‘ठरवू’, ‘पाहू’ असे येते. आदरार्थी असेल तर ‘करा’ किंवा ‘करावे’ असे येते. संकेतस्थळांवरील क्रियापदे ह्या दृष्टीने वाचून पाहावीत. नोंदणी करा, विभाग निवडा, जिल्हा निवडा, कागदपत्रे जोडा, सादर करा. नकाराचे वाक्य असेल तर ‘आपला अर्ज अपूर्ण आहे’. सर्वत्र आज्ञार्थ, क्वचित विध्यर्थ. ‘ठरवू’ हे रूप शोधूनही सापडणे कठीण. म्हणजे नाव पहिल्या अर्थाचे असले तरी आतील प्रत्येक पडदा दुसऱ्या अर्थाने बोलतो. लोकसेवा हक्काच्या संदर्भात योजिलेले ‘आपली सेवा आमचे कर्तव्य’ हे घोषवाक्य तर ह्या बाबतीत अगदी प्रामाणिक म्हणावे लागेल. एकाच वाक्यात ‘आमचे’ आल्याबरोबर ‘आपली’ ह्या शब्दाचा समावेशक अर्थ बाद होतो. सेवा करणारे एकीकडे आणि सेवा घेणारे दुसरीकडे, अशी रेषा स्वच्छ आखली जाते. सेवेच्या नात्यात गैर काहीच नाही. दाखला वेळेत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो कायद्याने मान्य झाला ही मोठी गोष्ट आहे. परंतु ग्राहकाला मिळणारी सेवा आणि कारभारातील सहभाग ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि एका सर्वनामाच्या संदिग्धतेवर दुसरीचे श्रेय पहिलीला देणे युक्त नाही.

सर्वनामापाठोपाठ वाक्यरचनेचा विचार ओघाने येतो. शासकीय मराठीची ओळख पटविणारी रचना म्हणजे ‘करण्यात येते’. ‘कळविण्यात येते’, ‘कार्यवाही करण्यात येईल’, ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’. ह्या रचनेत कर्त्याला जागाच नाही. नेहमीच्या कर्मणी प्रयोगात निदान ‘त्याने’ किंवा ‘त्याच्याकडून’ असे म्हणण्याची सोय असते; ‘करण्यात येते’ ह्या रचनेला कर्ता जोडू गेले तर वाक्य अवघडते, आणि जोडलाच तर तो ‘विभागामार्फत’ असा अव्यक्तिवाचक होतो. कागदाच्या काळात ह्या कर्तृहीनतेवर एक उतारा होता. वाक्याखाली सही असे, सहीखाली पदनाम असे, आणि कचेरीत जाऊन त्या पदावरील माणसाला गाठता येई. पडद्यावर वाक्य उरले, सही बहुधा गळाली. खुल्या कारभाराची पहिली अट कोणी काय ठरविले हे कळणे ही असेल, तर ‘करण्यात येते’ ही रचना त्या अटीच्या आड येते. आणि ती केवळ शैलीची बाब राहत नाही.

‘निकाली’ ह्या शब्दाची गंमतही येथेच नोंदविण्याजोगी आहे. महाराष्ट्रात ‘निकाली कुस्ती’ म्हणतात ती एकाची पाठ जमिनीला लागल्यावाचून संपत नाही. तक्रार ‘निकाली’ निघते तेव्हा कोणाची पाठ लागली हे मात्र पडद्यावरून कळत नाही. संबंधित कार्यालयाकडे पत्र पाठविले एवढ्यानेही तक्रार निकाली निघू शकते, आणि नळाला पाणी आले तरीही निघू शकते. दोहोंची नोंद एकाच शब्दाने होते. शिवाय ‘तक्रार’ ह्या शब्दाचा मूळ अरबी अर्थ ‘पुनरावृत्ती’ असा आहे. फिर्याद मांडणाऱ्याला ती पुनःपुन्हा मांडावी लागते, हा अनुभव जणू त्या शब्दाच्या पोटातच आहे. संगणकाने प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक दिला आणि निवारणासाठी एकवीस दिवसांची मुदत घातली. परंतु जुन्या क्रमांकाचे आणि नव्या क्रमांकाचे नाते मांडण्याची भाषा त्याच्यापाशी नाही. बंद झालेली तक्रार पुन्हा केली की ती नवीनच तक्रार ठरते.

हे सारे एखाद्या गावाच्या संदर्भात पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातील मनमाड हे शहर ह्यासाठी सोयीचे आहे. मोठे रेल्वे जंक्शन, रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना, भारतीय अन्न महामंडळाची विस्तीर्ण गुदामे, जवळच पानेवाडीला तेल कंपन्यांची आगारे, आणि भोवताली कांद्याची शेती. येथे केंद्राची कचेरी आणि राज्याची कचेरी ह्यांत कित्येकदा एका रुळाचेच अंतर असते. पण तो रूळ ओलांडला की सरकारची भाषा बदलते. १९७६ च्या राजभाषा नियमांनुसार महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात मोडतो, आणि केंद्रीय कार्यालयांनी येथील नागरिकाशी पत्रव्यवहार हिंदीत किंवा इंग्रजीत करावा अशी त्यांत तरतूद आहे. माहितीचा अर्ज मात्र त्या क्षेत्राच्या राजभाषेत, म्हणजे मराठीत करण्याची मुभा २००५ च्या कायद्याचे सहावे कलम देते. प्रश्न मराठीत विचारता येतो, उत्तर मराठीत येईलच असे नाही. मनमाडचा रहिवासी ज्या सरकारला ‘आपले’ म्हणतो त्याचे असे निदान दोन भाषिक तुकडे आहेत, आणि ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ त्यांपैकी एकाचेच आहे.

त्याहून बोधप्रद आहे तो पाण्याचा प्रश्न. मनमाड शहराला पाणी पुरविणारे वागदर्डी धरण पावसावर पुरेसे भरत नाही. पालखेड डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले म्हणजे पाटोदा येथील साठवण तलावात पाणी घ्यावयाचे आणि तेथून ते उचलून वागदर्डीत आणावयाचे, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे चालत आली. उन्हाळ्यात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ येणे हा ह्या शहराच्या दोन-तीन पिढ्यांचा अनुभव आहे. करंजवण धरणातून थेट जलवाहिनीची योजना आखली गेली ती ह्यामुळेच. अशा गावात माणसाचा प्रश्न एकच असतो : पाणी कधी येणार? ह्या तीन शब्दांच्या प्रश्नाचे उत्तर तीन ठिकाणी विभागलेले आहे. आवर्तन केव्हा सुटणार हे जलसंपदा विभाग आणि कालवा सल्लागार समिती ठरविणार, तलावातील साठा आणि उपसा ह्यांचा हिशेब एका जागी, आणि कोणत्या भागाला कोणत्या दिवशी पाणी सोडावयाचे हे नगरपरिषदेपाशी. तक्रार करू जाता पहिली अट अशी की आधी ‘विभाग निवडा’. म्हणजे उत्तर कोणापाशी आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच प्रश्न विचारता येतो. माहितीच्या अधिकाराची वाट धरली तर तेथे ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाच्या ताब्यात असलेले अभिलेख. ‘कधी’ आणि ‘का’ ह्या प्रश्नार्थक अव्ययांना त्या व्याख्येत सरळ स्थान नाही. नागरिकाच्या बोलीतील प्रश्न कचेरीच्या नामपदांत भाषांतरित केल्यावाचून आत जात नाही, आणि हे भाषांतर नागरिकानेच करावयाचे असते.

त्यात आणखी एक भर पडली. २०२१ च्या अखेरीपासून राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांच्या मुदती संपत गेल्या आणि निवडणुका लांबल्यामुळे, २०२५ च्या डिसेंबरात त्या होईपर्यंत, कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. ज्या सभागृहात नगरसेवक पाण्यावरून आरडाओरडा करीत, ती बोलण्याची एक जागा एवढी वर्षे रिकामी होती. ह्या काळात पडद्यावरची तक्रार हे सभागृहाला पूरक साधन न राहता कित्येक बाबतींत त्याचा पर्याय झाले. हा पर्याय किती तोकडा आहे हे आकड्यांवाचूनही सांगता येते. सभागृहात एकाने विचारलेला प्रश्न सर्वांच्या कानी पडतो, दुसरा त्यात भर घालतो, आणि उत्तर इतिवृत्तात जाते. पडद्यावर एकाच गल्लीतील पन्नास घरांनी पाण्याची तक्रार केली तर पन्नास क्रमांक निर्माण होतात, आणि पन्नासांनाही शेजाऱ्याने काय लिहिले हे सहसा कळत नाही.

येथे एक आक्षेप येण्याजोगा आहे. शासकीय मराठी बोजड आहे ही ओरड जुनीच आहे. शब्द सोपे केले की प्रश्न मिटेल, असे पुष्कळांना वाटते. परंतु मराठीचा इतिहास ह्या मताला फारसा पाठिंबा देत नाही. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली, १९६२ मध्ये त्याचा पदनाम कोश निघाला आणि ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची थट्टा झाली. तथापि शासनव्यवहारातली संचालक, सचिव, अधीक्षक ही पदनामे आज कोणाला खटकत नाहीत. शब्द अवघड असला तरी वापराने सुटा होतो. (उलट, २०२४ मध्ये ‘तलाठी’ हा तीन अक्षरी, सर्वांच्या ओळखीचा शब्द जाऊन ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे पदनाम आले, लोक काय म्हणतील हे सांगावयास भाषाशास्त्र लागत नाही.) राजभाषा अधिनियम १९६४ चा, स्थानिक संस्थांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२२ चा. ह्या सर्व प्रयत्नांनी शब्दसंग्रह मराठी केला. वाक्यातील कर्ता कोठे गेला आणि सर्वनाम कोणाला धरून आहे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला. सोप्या शब्दांतही माणसाला वगळता येते.

सहभागाचा अर्थ खरोखर विस्तारला तो महसुली अभिलेखांच्या बाबतीत, आणि म्हणूनच तेथे थोडे अधिक थांबणे इष्ट आहे. सातबारा संगणकावर आणताना हस्तलिखित उताऱ्यांतील असंख्य चुका उघड झाल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी २०१७ च्या सुमारास गावोगाव ‘चावडी वाचन’ झाले. गावाच्या चावडीवर उतारे मोठ्याने वाचावयाचे, खातेदारांनी ऐकावयाचे, आणि जेथे नाव, क्षेत्र किंवा हिस्सा चुकला असेल तेथे हरकत घ्यावयाची. ‘हरकत’ ह्या शब्दाचा मूळ अरबी अर्थ ‘हालचाल’. मराठीत तो अडथळा आणि आक्षेप ह्या अर्थांनी स्थिरावला. चावडीवर त्याला त्याचा जुना अर्थही जणू परत मिळाला, कारण एकाने हरकत घेतली की बसलेला गाव हलतो; भाऊबंद बोलू लागतात, बांधकरी साक्ष देतो. संगणकीय अभिलेख बिनचूक करण्यासाठी शासनाला अखेर मौखिक आणि सामूहिक वाचनाकडे वळावे लागले, ही घटना खुल्या कारभाराच्या कोणत्याही इतिहासात ठळकपणे नोंदविण्याजोगी आहे. तिच्यानंतरच, १ मे २०१८ पासून, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कोठूनही मिळू लागला. मनमाडजवळच्या शेतकऱ्याची उताऱ्यासाठी होणारी पायपीट त्यामुळे वाचली, हे निर्विवाद.

पुढचा टप्पा ई-पीक पाहणीचा. गाव नमुना बारामध्ये कोणत्या शेतात कोणते पीक आहे ह्याची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः, मोबाइलवरून, शेतात उभे राहून छायाचित्रासह करावी अशी योजना राज्यभर लागू झाली. नागरिकाने सरकारी दप्तरात स्वतःच्या हाताने लिहावे, ही गोष्ट लहान नाही. कुलकर्णी-तलाठ्यांच्या दीर्घ परंपरेत ती जवळजवळ क्रांतिकारक म्हणावी लागेल. तिचे घोषवाक्यही सर्वनामाच्या दृष्टीने वेगळे आहे : ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’. येथे ‘आपले’ नाही आणि ‘आमचे’ही नाही. प्रथमपुरुषी एकवचन आहे, आणि त्याला निश्चयवाचक ‘च’ जोडलेला आहे. शासनाच्या मराठीत नागरिकाला ‘मी’ म्हणावयास मिळाल्याचे असे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

मात्र ह्या ‘च’चा दुसरा अर्थ दोन वर्षांनी प्रकट झाला. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे भाव कोसळले, आणि शासनाने त्या दोन महिन्यांत बाजार समित्यांत विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. अनुदानासाठी सातबारावर ई-पीक पाहणीतून झालेली कांद्याची नोंद मागण्यात आली. नाशिक जिल्ह्यातील, आणि अर्थातच मनमाड-नांदगाव भागातील, पुष्कळ शेतकऱ्यांनी अशी नोंद केलेली नव्हती. कोणाजवळ तसा मोबाइल नव्हता, कोठे शेतात रेंज नव्हती, कोणाला अशी नोंद पुढे पैशाशी जोडली जाईल ह्याची कल्पना नव्हती. कांदा पिकला होता, विकला गेला होता, बाजार समितीची पट्टी हाती होती. नमुना बारामध्ये मात्र तो नव्हता. ‘मीच नोंदवणार’ ह्या प्रतिज्ञेचा कायदेशीर व्यत्यास असा निघाला की, मी नोंदविले नाही तर ते घडलेच नाही. अधिकार म्हणून दिलेले सर्वनाम जबाबदारी होऊन परत आले. ओरड झाल्यावर शासनाने अट सैल केली आणि तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक ह्यांच्या गावपातळीवरील समितीने खातरजमा करून दाखला द्यावा असे ठरविले. म्हणजे पडद्याने न पाहिलेला कांदा अखेर गावाने पाहिला होता, हे मान्य करावे लागले.

ह्या प्रकरणात दोष तंत्राचा, असे म्हणणे उथळपणाचे होईल. दोष असा की, लिहिण्याचे काम नागरिकाकडे आले, पण काय लिहावयाचे, कोणत्या रकान्यात लिहावयाचे आणि त्या लिहिण्याचा पुढे कोणता परिणाम व्हावयाचा हे ठरविण्यात त्याला बोलावले गेले नाही. ‘लोकसहभाग’ ह्या शब्दाचा श्रमदानवाचक अर्थ येथे मोबाइलवर अवतरला. पूर्वी चर खणण्याचे श्रम होते, आता नोंदी भरण्याचे आहेत. ‘आपले’ ह्या सर्वनामात नागरिक पाहुणा आहे, ‘मीच’ ह्या सर्वनामात तो एकटा आहे. आणि ज्या सर्वनामात तो इतरांबरोबर बसून ‘ठरवू’ म्हणू शकेल ते सर्वनाम चावडीवर थोडा वेळ ऐकू आले, पण पडद्यावर त्याची सोय झालेली नाही.

तशी सोय पडद्यावर होऊच शकत नाही असेही नाही. तैवानमध्ये २०१५ साली भाड्याच्या मोटारींच्या उबर सेवेविषयी नियम करण्यापूर्वी लोकांची मते अशा प्रणालीवर मागविण्यात आली की जिच्यात प्रत्येकाला इतरांची विधाने दिसत, त्यांवर सहमती वा असहमती दर्शविता येई, आणि कोणत्या विधानांवर परस्परविरोधी गटही एकत्र येतात हे सर्वांना दिसे. त्या प्रयोगाच्या मर्यादाही पुढे चर्चिल्या गेल्या. असे विचारमंथन सरकारवर बंधनकारक नव्हते ही त्यांतली मुख्य. परंतु येथे प्रस्तुत आहे तो त्याचा व्याकरणिक विशेष : ती प्रणाली अनेकवचनी होती. मराठीला हा प्रकार सर्वस्वी परका नाही. मराठेशाहीतील महजर हा असाच अनेकवचनी कागद. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा पडला की गोत जमे, साक्षी होत, आणि निवाड्याच्या कागदावर हजर असलेल्यांची नावे येत. लिहिता न येणारा कुणबी नावापुढे नांगराची निशाणी करी. गावगाड्याची उतरंड त्या सभेतही होतीच, आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही कोण बसले होते, कोण बोलले आणि कोणी ठरविले ह्या तिन्ही गोष्टी त्या कागदावर राहत. ‘करण्यात आले’ असे म्हणून त्याला सुटता येत नसे.

मनमाडच्या पाण्याविषयी असा अनेकवचनी कागद पडद्यावर करावयाचा झाला तर त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. आवर्तनाची ठरलेली तारीख, साठवण तलावातील आजचा साठा आणि भागवार पाण्याचा दिवस ह्या तीन गोष्टी एका पानावर, ठरविणाऱ्याच्या पदनामासह याव्यात. आणि त्याखाली एकाच भागातील तक्रारी एकमेकांना दिसतील अशा लागाव्यात. तीन कार्यालयांची वाक्ये एका पानावर आली की कोणत्या वाक्याला कर्ता नाही हे वाचणाऱ्याला आपोआप दिसते. ह्यात अडचण तांत्रिक नसून अशी आहे की, तीन कार्यालयांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या वाक्याशेजारी आपले वाक्य बसलेले आवडत नाही. येथील ‘आपले’ अर्थात तिसऱ्या, आत्मवाचक अर्थाचे.

विद्यापीठीय मराठी विभागांच्या वाट्याला ह्यातून एक काम येते, आणि ते अद्याप कोणी हाती घेतलेले दिसत नाही. ह्या संकेतस्थळांवर गेल्या दशकात नागरिकांनी स्वतः टंकलेल्या मराठी मजकुराचा मोठा साठा झालेला आहे. त्यात नाशिककडची बोली आहे, अहिराणीच्या छटा आहेत, रेल्वे वसाहतीतील हिंदीमिश्रित मराठी आहे, आणि कचेरीला समजावे म्हणून मुद्दाम ‘उपरोक्त विषयान्वये’ असे सुरू करून दुसऱ्याच ओळीत ‘साहेब, पाणी नाही’ असे लिहिण्याची जी धडपड असते तीही असणार. नावे, पत्ते आणि क्रमांक वगळून हा साठा अभ्यासकांना खुला केला, तर सामान्य माणूस सरकारशी लिहिताना कोणते सर्वनाम वापरतो, ‘आपण’ म्हणतो की ‘तुम्ही’, स्वतःला ‘मी’ म्हणतो की ‘आम्ही गल्लीतील रहिवासी’, ह्याची मोजदाद करता येईल. उत्तरादाखल आलेल्या वाक्यांत कर्ता किती वेळा आढळतो हेही त्याच साठ्यातून काढता येईल, आणि ते काम एका पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातले आहे.